आधी दारू की आधी बॉर्डरलाइन?

प्रश्न एका समुपदेशक ताईंचा आहे. थोडक्यात असा: २९ वर्षांची स्त्री, मनोविकारतज्ज्ञांनी बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार (भावना झपाट्याने टोकाला जाणं, अस्थिर नाती, आततायी वागणं) असं निदान केलेलं. सहा वर्षांपासून दारू, दोन वर्षांपासून रोज रात्री झोपेच्या गोळ्या, हातावर कापून घेतल्याच्या जुन्या-नव्या खुणा. व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, "हिच्या मनाचं आधी बघा, ही इथे टिकत नाही." मनोविकार विभाग म्हणतो, "आधी दारू सोडून या, मग थेरपी सुरू करू." सुरुवात कुठून करायची?

दोन्हीकडून, एकाच वेळी, आणि शक्यतो एकाच टीमने. ही टोलवाटोलवी फार जुनी आहे आणि तिच्यात सगळ्यात जास्त वेळ या बायकांचाच जातो. दारू हा या बाईचा आजार आहे तसा तिच्या परीने शोधलेला उपायही आहे. काही मिनिटांत अंगावर चढणारी असह्य भावना ती त्याने खाली आणते. पर्याय हातात न देता तो उपाय काढून घेतला, तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कापून घेणं वाढतं आणि केंद्र तिला "सहकार्य करत नाही" म्हणून घरी पाठवतं. उलट बाजूने, रोज संध्याकाळी पिणाऱ्या बाईला थेरपीत कितीही शिकवा, शिकलेलं वापरायची वेळ येते तेव्हा ग्लास आधी पोहोचलेला असतो. अमेरिकेतल्या संशोधक मेरी झॅनरिनी यांच्या गटाने बॉर्डरलाइन रुग्णांचा सहा वर्षं पाठपुरावा केला. त्यात ज्यांना व्यसन नव्हतं ते लवकर बरे झाले, आणि नैराश्य किंवा इतर जोडआजार असणं-नसणं यापेक्षा व्यसनाचा फरक मोठा होता. म्हणून व्यसन "नंतर बघू" म्हणण्यासारखं नाही. क्रम लावायचाच असेल तर तो निदानांचा लावू नका, धोक्याचा लावा.

पहिला धोका विड्रॉवलचा, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाचा. तुमच्या केसमध्ये दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही आहेत, आणि दोन्ही अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते. दारूची शेवटची मात्रा घेतल्यावर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येण्याचा काळ साधारण ६ ते ४८ तासांचा. भ्रम, वेळ-जागेचं भान सुटणं, न दिसणाऱ्या गोष्टी दिसणं ही दारूच्या विड्रॉवलची गंभीर अवस्था बहुधा ४८ ते ९६ तासांत येते. झोपेच्या गोळ्यांचा हिशेब वेगळा असतो. अल्प्राझोलामसारखी लवकर उतरणारी गोळी असेल तर एक-दोन दिवसांत त्रास सुरू होतो, डायझेपामसारखी हळू उतरणारी असेल तर आठवडासुद्धा शांत जातो आणि मग फिट येते. "पाच दिवस झाले, काही झालं नाही" यावर विसंबून डिटॉक्समधून (नशा उतरवण्याच्या उपचारांतून) सोडलेली बाई सातव्या दिवशी घरी कोसळते, ती यामुळे.

तेव्हा पहिल्याच भेटीत विचारा: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, दिवसाला किती, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, आत्ता घरात किती स्ट्रिप आहेत आणि त्या कुणाच्या ताब्यात आहेत. शेवटचे दोन प्रश्न विसरले जातात. दारू रुग्णालयात, देखरेखीखाली थांबवायची. सोबत थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं, आणि ते ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी किंवा निदान बरोबर, नंतर नाही. झोपेच्या गोळ्या मात्र आठवड्याभरात तोडू नयेत. दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात हा सोसवणारा वेग आहे. बॉर्डरलाइन असलेल्या बाईत घाई केली तर विड्रॉवलची अस्वस्थता आणि तिची नेहमीची भावनिक खळबळ एकमेकींत मिसळतात, आणि मग काय कशामुळे होतंय हे तिलाही कळत नाही, तुम्हालाही नाही.

आता निदान. ते झालेलं असलं तरी एकदा तपासून बघा, कारण नशेत आणि उतरत्या नशेत कुणीही बॉर्डरलाइन दिसतं: चिडचिड, आततायीपणा, रडणं, जिवाचं बरंवाईट करण्याच्या धमक्या. डीएसएम-५ या अमेरिकन निदान-पुस्तिकेत नऊ निकष आहेत, त्यांपैकी किमान पाच लागतात. प्रत्येक निकष तीन काळांत विचारा: पहिला पेग घेण्याआधीच्या वयात, पिण्याच्या काळात, आणि मधे कधी महिना-दोन महिने दारू बंद होती तेव्हा. सोडून जातील ही भीती, रिकामेपण, नाती टोकाची होणं हे पहिल्या आणि तिसऱ्या काळातही असेल तर निदान पक्कं. दारूच्या पैशासाठी खोटं बोलणं, चोरी करणं हे व्यक्तिमत्त्वाच्या खात्यात टाकू नका. बायपोलर आहे का अशी शंका बहुतेकदा येते. ढोबळ फरक असा की बायपोलरमध्ये मूड दिवस-आठवडे टिकतो, झोपेची गरजच कमी होते. बॉर्डरलाइनमध्ये काही तासांत खालीवर होतो आणि जवळपास नेहमी कुणाच्या तरी वागण्याला धरून. नैराश्याचं वेगळं निदान करायचं तर दारू थांबून २ ते ४ आठवडे जाऊ द्या.

एक गोष्ट जाता जाता. "बॉर्डरलाइन म्हणजे बायकांचा आजार" हा समज दवाखान्यांतल्या गर्दीवरून झाला आहे. तिथे सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण स्त्रिया दिसतात, पण अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या लोकसंख्या-पाहणीत स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही. पुरुषाला व्यसनी किंवा भांडखोर हे लेबल लागतं, बाईला बॉर्डरलाइन. त्याची दुसरी बाजू तुमच्या कामाची: ज्या बाईला बॉर्डरलाइन हे लेबल आधी लागतं, तिच्या दारूबद्दल कुणी नीट विचारतच नाही.

मुख्य काम इथून पुढे. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, म्हणजे डीबीटी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी मुळात स्वतःला इजा करणाऱ्या, आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या स्त्रियांसाठी बांधली. पुढे १९९९ मध्ये त्यांच्याच गटाने बॉर्डरलाइन आणि ड्रग अवलंबित्व दोन्ही असलेल्या स्त्रियांवर तिची चाचणी प्रसिद्ध केली, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा नशा जास्त कमी झाली. पूर्ण डीबीटी म्हणजे आठवड्याला एक वैयक्तिक सेशन, एक दोन-अडीच तासांचा कौशल्य-गट, मधल्या वेळी फोनवर मदत आणि थेरपिस्ट लोकांची आपसातली साप्ताहिक बैठक, साधारण वर्षभर. हे सगळं तुमच्याकडे नसेल. तरी तिच्यातली दोन हत्यारं एकटा समुपदेशकही वापरू शकतो: रोजची नोंद आणि साखळी, म्हणजे एका घटनेपर्यंत नेणाऱ्या पायऱ्या क्रमाने उलगडणं.

रोजची नोंद म्हणजे एका पानावर आठ गोष्टी. तारीख, पिण्याची तलफ ० ते ५, प्यायली का आणि किती, गोळ्या किती, कापून घ्यायची इच्छा ० ते ५, प्रत्यक्ष केलं का, झोप किती तास, पाळीचा कितवा दिवस. याहून मोठा तक्ता दिलात तर दोन आठवड्यांत भरणं बंद होतं. सेशन त्या पानापासूनच सुरू करायचं. पान आणलं नसेल तर पहिली दहा मिनिटं शांतपणे तिथेच बसून भरून घ्यायचं. रागावायचं नाही, पण सोडूनही द्यायचं नाही.

साखळी जरा जवळून दाखवतो. "मंगळवारी का प्यायलीस?" याला उत्तर येतं, "मैत्रिणीशी भांडण झालं म्हणून." हे उत्तर घेऊन पुढे गेलात तर हाती काही लागत नाही. घड्याळ लावून विचारा.

आदल्या रात्री झोप चार तास. दुपारी जेवण नाही. पाळी तीन दिवसांवर. संध्याकाळी ६:४० ला दिसलं की मैत्रिणीने मेसेज वाचलाय, उत्तर दिलेलं नाही. ६:४५, छातीत पोकळी, हात गार, मनात "मी सगळ्यांना नकोशी आहे." ६:५५ पर्यंत तीन फोन, एकही उचलला नाही. ७:०५, एक जहरी मेसेज पाठवला. ७:१०, तो पुन्हा वाचला आणि लाजेने अंग पेटलं. ७:२०, चप्पल घालून बाहेर. ७:३५, पहिला पेग. ७:५०, "सगळं शांत." रात्री ११ वाजता मैत्रिणीचं उत्तर: "मीटिंगमध्ये होते गं, काय झालं?" त्यावर पुन्हा लाज, चार गोळ्या, ब्लेड.

आता दिसतं की तिला दुकानाकडे भांडणाने नेलं नाही, ७:१० च्या लाजेने नेलं. आणि ७:५० ची शांतता हे त्या सगळ्याचं बक्षीस आहे, म्हणून हे परत होणार. ७:२० ला, चप्पल घातल्यावर, निग्रह कामाला येत नाही. काय बदलायचं ते तीन जागी: दुपारचं जेवण आणि झोप (साखळी सुरू होण्याआधी), ६:४५ ला शरीर खाली आणणारं काहीतरी, आणि ७:०५ ला "पाठवायचा मेसेज आधी नोट्समध्ये लिही, वीस मिनिटं थांब" असा ठरलेला नियम. प्रत्येक जागी एकच बदल ठरवा, सेशनमध्ये एकदा करून दाखवायला लावा, पुढच्या आठवड्यात विचारा. एका साखळीला चाळीस मिनिटं लागतात. लागू द्या.

६:४५ साठी चालणारं साधन साधं आहे. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात ३० सेकंद, किंवा गार पाण्याची पिशवी डोळे-गालांवर धरून पुढे वाकणं. यातून डुबकीच्या प्रतिक्षिप्त क्रियेने हृदयाची गती उतरते. म्हणूनच हृदयविकार, हृदयगती कमी करणारी औषधं किंवा उपाशी राहण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि नशेत तर नकोच. त्यानंतर श्वास आत चार मोजेपर्यंत, बाहेर सहा ते आठ मोजेपर्यंत, पाच मिनिटं. हे शिकवताना "याने बरं वाटेल" असं सांगू नका. "याने पुढच्या वीस मिनिटांत गोष्ट आणखी बिघडणार नाही" एवढंच वचन द्या. तलफेची लाट बहुधा २० ते ३० मिनिटांत ओसरायला लागते. तेवढ्यापुरतं हे पुरतं.

दारू सोडण्याचं ध्येय कसं मांडायचं, यावर बरेच समुपदेशक अडखळतात. "पूर्ण बंद" म्हटलं तर पहिल्या घसरणीला सगळं संपल्यासारखं होतं. बॉर्डरलाइनमध्ये काळं-पांढरं बघण्याची सवय असते, त्यामुळे एक पेग आणि एक बाटली यांत तिला फरक उरत नाही. "हळूहळू कमी कर" म्हटलं तर ती आजच घ्यायची परवानगी ठरते. डीबीटीची वाट अशी: घसरण होईपर्यंत शंभर टक्के बंद, तिला खात्रीने पाळता येईल तेवढ्याच मुदतीचं वचन. आठवडा जमणार नसेल तर आजचा दिवस, तोही नसेल तर रात्री नऊपर्यंत. घसरण झाली की त्या क्षणापासून काम बदलतं: नुकसान कमीत कमी, परत लवकरात लवकर. यासाठी एक कार्ड आधीच लिहून तिच्या पाकिटात ठेवा: उरलेली दारू ओतून टाकायची, वर गोळी घ्यायची नाही, कुणाला फोन करायचा त्या दोघांची नावं, आणि "ठरलेल्या सेशनला यायचंच." नशेत आली तर थेरपी होत नाही, तब्येत तपासायची, सुरक्षित घरी पोहोचवायचं, दुसऱ्या दिवसाची वेळ द्यायची. मागची दारं बंद करणंही इथलंच काम: विकणाऱ्याचा नंबर काढून टाकणं, घरातली बाटली, पर्सच्या कप्प्यातली "अडीअडचणीसाठी" ठेवलेली स्ट्रिप. ती स्ट्रिप जवळपास नेहमी असते. विचारा.

औषधांबद्दल अपेक्षा जमिनीवर ठेवा. बॉर्डरलाइनसाठी म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शनात या विकारासाठी औषधं वापरू नका असंच म्हटलंय. संकटकाळात गुंगीचं औषध दिलंच तर ते आठवड्यापेक्षा जास्त नको. लॅमोट्रिजिन या मूड स्थिर करणाऱ्या औषधाबद्दल बरीच आशा होती. २०१८ मध्ये २७६ जणांवरची चाचणी आली, वर्षभरानंतर गोळी आणि प्लासिबो (औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी) यांत फरक नव्हता. अल्प्राझोलामची गंमत तर उलटी आहे. १९८८ च्या एका छोट्या चाचणीत बॉर्डरलाइन असलेल्या स्त्रियांमध्ये त्याने आततायी वागणं वाढलं. "ती फार बेचैन असते" म्हणून तीच गोळी लिहून दिली जाते, त्यातून दुसरं व्यसन उभं राहतं, तुमच्या केसमध्ये राहिलंच आहे.

व्यसनासाठीची औषधं मात्र बॉर्डरलाइन आहे म्हणून नाकारू नयेत. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन दिवसाला ५० मिलिग्रॅम. यकृताची तपासणी करून, आणि अफूजन्य औषधं ७ ते १० दिवस बंद असतील तरच. यकृत बिघडलेलं असेल तर अकॅम्प्रोसेट ६६६ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. त्याला मूत्रपिंडं बरी लागतात. डायसल्फिरामपासून या बाईला लांब ठेवावं असं माझं मत. त्यावर दारू प्यायली तर रक्तदाब कोसळतो, आणि हा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. रागाच्या भरात मुद्दाम वर पिणाऱ्या व्यक्तीच्या हातात ते द्यायची वस्तू नाही. हेरॉइन किंवा तत्सम नशा असेल तर बुप्रेनॉर्फिन हे पर्यायी औषध, आणि ते दीर्घकाळ. नुसता डिटॉक्स करून सोडणं सगळ्यात धोक्याचं, कारण सहनशक्ती उतरलेली असते आणि जुना डोस जीव घेतो. कोणतंही औषध असो, एका वेळी आठवड्याभराचंच द्या. मूड स्थिर करणारं लिथियम आणि नैराश्यावरची जुनी ट्रायसायक्लिक औषधं जास्त प्रमाणात घेतली तर घातक ठरतात. महिन्याचा साठा तिच्या उशाशी नको.

स्त्रियांचं म्हणून जे वेगळं आहे ते शरीरापासून सुरू होतं. शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच वजनाच्या पुरुषाइतकी दारू घेतली तरी रक्तात जास्त चढते. पहिल्या पेगपासून अवलंबित्वापर्यंतचा प्रवास बाईत बरेचदा कमी वर्षांत होतो, यकृतही लवकर बिघडतं. पाळीआधीच्या आठवड्यात तलफ आणि कापून घेणं वाढतंय का, हे नोंदीच्या पानावर दोन महिन्यांत दिसतं, आणि मग त्या दिवसांसाठी जास्तीची भेट आधीच ठरवता येते. गर्भधारणेचा प्रश्न प्रत्येक भेटीत ठेवा. अफूजन्य नशेत पाळी अनियमित होते, म्हणून ती स्वतःला सुरक्षित समजते. उपचार सुरू झाले की पाळी परतण्याआधीच बीज सुटू शकतं, आणि दिवस जातात. गरोदरपणी अशी नशा झटक्यात बंद करायची नसते, पर्यायी औषधावर स्थिर ठेवायचं असतं. मूड स्थिर करायला म्हणून व्हॅल्प्रोएट लिहिलेलं असेल तर डॉक्टरांशी लगेच बोला, गर्भाला त्याचा मोठा धोका आहे. कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होऊ शकतात.

नवरा किंवा जोडीदार स्वतः पितो का, नशा कोण आणून देतो, मारहाण होते का, हे त्याला बाहेर बसवूनच विचारा. मुलं असतील तर ती हिरावून घेतली जातील या भीतीने ती प्यायचं प्रमाण लपवते. गोपनीयतेची मर्यादा कुठे संपते हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं तर निदान अर्धं खरं बाहेर येतं. बालपणीच्या अत्याचाराचा इतिहास पुष्कळ जणींत असतो. त्याची नोंद घ्या, ऐकून घ्या, पण पहिल्या महिन्यांत खोदू नका. हातात शांत होण्याचं एकही साधन नसताना जखम उघडली की त्याच रात्री बाटली उघडते.

घरच्यांना एक वाक्य शिकवलं तरी पुरे. "त्यात रडण्यासारखं काय आहे?" याऐवजी "तुला आत्ता खूप त्रास होतोय हे दिसतंय मला." याचा अर्थ पैसे द्यायचे असा होत नाही. भावना मान्य करायची, मागणी मान्य करायलाच हवी असं नाही. आईवडिलांना हा फरक दोनतीनदा करून दाखवावा लागतो.

उपचार बिघडतात ते बहुतेकदा आपल्या बाजूने. "तुम्हीच एकट्या मला समजता, ते डॉक्टर नुसत्या गोळ्या देतात" हे ऐकलं की छान वाटतं, आणि दोन आठवड्यांत तुम्ही आणि डॉक्टर एकमेकांवर नाराज होता. उपाय कंटाळवाणा आहे: एकच लेखी योजना, दोघांच्या सहीची, एक प्रत तिच्याकडे. फोन कधी करायचा तेही त्यात हवं. डीबीटीत नियम असा की इजा करून घेण्याआधी फोन करायचा, करून झाल्यावर पुढचे २४ तास थेरपिस्टशी जास्तीचं बोलणं नाही. वैद्यकीय मदत अर्थातच लगेच. ऐकायला कठोर वाटतं, पण नाहीतर ब्लेड हाच तुमच्यापर्यंत पोहोचायचा रस्ता बनतो.

आणि ती गायब होईल. या दुहेरी त्रासातल्या बायका थेरपीशी फुलपाखरासारख्या वागतात, बसतात आणि उडतात. २००२ च्या एका चाचणीत अफूजन्य अवलंबित्व आणि बॉर्डरलाइन असलेल्या स्त्रियांना एका गटात डीबीटी दिली, दुसऱ्यात मनापासून स्वीकार करणारी थेरपी आणि व्यसनमुक्ती गटांत चालतो तो बारा पायऱ्यांचा कार्यक्रम. नशा दोन्हींत उतरली, शेवटच्या महिन्यांत डीबीटीत तो उतार जास्त टिकून राहिला. पण दुसऱ्या गटातली एकही बाई सोडून गेली नाही, डीबीटीतल्या तिघींपैकी साधारण एक गेली. म्हणून पहिले दोन-तीन महिने बदलाचा आग्रह थोडा मागे ठेवा, ओढ लावणं पुढे. दुसऱ्याच सेशनमध्ये विचारून ठेवा: "तू यायची बंद झालीस तर मी तुला कुठे शोधू? कुणाला फोन केलेला चालेल?" त्या व्यक्तीचं नाव आणि तिची लेखी परवानगी फाइलला लावा. सेशन चुकलं की त्याच संध्याकाळी फोन, दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज, जाब विचारणारा नको: "आज वाट पाहिली. गुरुवारी चार वाजता खुर्ची तुझीच आहे." लागोपाठ चार चुकली तर करार थांबतो हे सुरुवातीलाच सांगितलेलं असावं, आणि तिसऱ्या चुकलेल्या सेशननंतर तिने दिलेल्या त्या नंबरवर तुम्हीच फोन करायचा असतो.